सत्तावीस नंबरची मोजणी

मी टिकटिक्या. हे नाव मला बसच्या कंडक्टर मंडळींनी ठेवलं. कागदोपत्री मी 'हस्तगणक, नग एक' आहे, पण त्या नावाने मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. मुठीत मावेन एवढा माझा देह. पाठीवर बोट अडकवायला कडी, डोक्यावर अंगठ्याने दाबायचा खटका आणि पोटावर आकड्यांच्या चार खिडक्या. एकदा दाबलं की टिक, आकडा एकाने पुढे. बाजूला एक छोटी चावी आहे. ती फिरवली की चारही खिडक्यांत शून्य. एवढंच माझं शिक्षण.

मला मागे जाता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चुकून एक जास्त दाबलं गेलं तर ते कमी करायची सोय माझ्यात नाही. पुढे जायचं, नाहीतर सगळं पुसून पुन्हा सुरुवात करायची. आणि दुसरी गोष्ट, मला कुणी दाबलंच नाही तर मी गप्प बसतो. या दुसऱ्या गोष्टीपायीच हे सगळं सांगायची वेळ आली.

मी जन्मलो तो कारखाना लहान होता. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. आमच्यातल्या प्रत्येकाला ती शंभर वेळा दाबून बघायची. ज्याने नव्व्याण्णव दाखवले तो थेट भंगाराच्या डब्यात. मी शंभरला शंभर दाखवले. त्या गोष्टीचा मला पुढे कितीतरी वर्षं माज होता.

आम्ही बारा जण एका खोक्यातून शहराच्या परिवहन कार्यालयात आलो. लोखंडी कपाटं, फायलींवर चहाच्या कपांचे गोल डाग, आणि फिरताना कुरकुरणारा पंखा, असं ते कार्यालय. तिथे मी मोजणीदाराच्या वाट्याला आलो. हडकुळा, पन्नाशी उलटलेला, कानामागे पेन्सिल. बसमध्ये बसण्याआधी सीटवर स्वतःचा रुमाल अंथरायचा आणि उतरताना न विसरता घडी करून खिशात घालायचा. त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळं कार्यालय म्हणायचं. मलाही तो आवडला. जसा मी तसाच तो, शंभरला शंभर.

आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ माणसं मोजली. पुलावर उभं राहून मोजली, स्टेशनच्या दारात मोजली. एकदा चाळीस सीटच्या गाडीत मी चौऱ्याहत्तर आकडा दाखवला आणि महिन्याभरात कारखान्याच्या मार्गावर दुसरी गाडी सुरू झाली. त्या दिवशी एका बाईने खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला "शाब्बास रे मोजणीदारा!" म्हणून ओरडून सांगितलं. तो लाजून पार लाल झाला होता.

मग वाईट दिवस आले. शहराच्या बससेवेचं कंबरडं मोडलं. तिकिटातून खर्चाचा तिसरा हिस्सासुद्धा निघत नव्हता. डेपोत गाड्या सुट्या भागांवाचून उभ्या होत्या आणि ड्रायव्हरांचे पगार लांबत होते. कार्यालयात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच विषय. कुणी म्हणे भाडं वाढवा, कुणी म्हणे ठेकेदाराला द्या, कुणी म्हणे मोटारवाल्यांवर कर लावा. शेवटी महापालिकेच्या परिवहन समितीने ठरवलं की पंधरा दिवस सगळ्या मार्गांची मोजणी करायची. ज्या मार्गावर फेरीला सरासरी पंधरापेक्षा कमी माणसं, तो मार्ग बंद.

मोजणीदाराच्या हातात सूचनांचा कागद आला. त्यात तिसऱ्या कलमात लिहिलं होतं, तिकीट फाडताच एक दाब. पासधारक मोजू नयेत, त्यांची संख्या पास कार्यालयाकडून स्वतंत्र मिळेल.

वाचताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यालाही वाटलं नाही.

आमच्या वाट्याला सत्तावीस नंबर आला. ही गाडी टेकडीवरच्या वसाहतीतून निघायची आणि शहर ओलांडून मोठ्या रुग्णालयाच्या फाटकापर्यंत जायची. वसाहत काही जुनी नव्हती. शहरातला रस्ता रुंद करताना ज्यांची घरं पाडली, त्यांना तिथे नेऊन बसवलं होतं. लांब पडतं म्हणून लोक कुरकुरले, तेव्हा महापालिकेने घरटी सवलतीचे पास दिले. त्यामुळे सत्तावीसमध्ये तिकीट काढणारा माणूस म्हणजे कुणाचा तरी पाहुणा. बाकी सगळे पासवाले.

पहिल्याच सकाळी कंडक्टरबाईने आम्हाला बघून कपाळाला आठ्या घातल्या. बोलायला फटकळ, पण म्हातारं माणूस चढताना हात दिल्याशिवाय घंटी न मारणारी अशी ही बाई.

"या मोजणीदार. डोकी मोजायला आलात की कापायला?"

"माझं काम मोजायचं," तो म्हणाला आणि रुमाल अंथरून बसला.

सहा-चाळीसची गाडी. बघता बघता ती भरली. कपडे धुणाऱ्या बाया, वॉर्डबॉय, पहारेकरी, बांधकामावरचे गवंडी. एकेक जण पास दाखवून पुढे सरकत होता आणि मी मोजणीदाराच्या मुठीत मुका बसलो होतो. माणसं दांड्याला लटकेपर्यंत गाडी भरली तेव्हा माझ्या खिडकीत आकडा होता चार.

"अहो, एवढी माणसं तुम्हाला दिसत नाहीत का?" कंडक्टरबाईने विचारलं.

"पासवाले वेगळे मोजतात. सूचनेत तसं आहे."

"सूचना लिहिणारा या गाडीत कधी बसलाय का?"

त्याने सूचनांचा कागद घडी करून खिशात घातला.

तिसऱ्या थांब्यावर त्याची ताई चढली. थोरली बहीण, साठीच्या आसपासची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि टेकडीवरच्या एका खोलीत ती एकटी राहायची. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाऊन चार-चार तास मशीनवर झोपायचं, तेव्हा कुठे तिचं रक्त शुद्ध व्हायचं. मशीनवर थंडी वाजते म्हणून हातातल्या कापडी पिशवीत एक जाड स्वेटर कायम असायचा. त्या स्वेटरची एक बाही लांब आणि एक आखूड होती, कारण टोचायच्या हाताकडची बाही तिने स्वतःच कापून टाकली होती.

भावाला बघून ती हसली. पास पुढे केला. त्याच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली.

"अरे, मला नाही मोजलंस? वजन कमी झालंय माझं, पण दिसेनाशी होण्याइतकं नाही!"

"ताई, तू पासवाली. पासवाल्यांना ऑफिस मोजतं."

"बरं बाबा. ऑफिसला सांग, ताई डावीकडे तिसऱ्या सीटवर बसते. शोधायला त्रास नको."

सगळी गाडी हसली. तोही हसला. मीही हसलो असतो, पण माझ्याकडे हसायला एक 'टिक'च आहे आणि ती त्याने दिली नाही.

पंधरा दिवस संपले. दिवसाला सोळा फेऱ्या, सरासरी शहाण्णव तिकिटं. फेरीला सहा माणसं. कंडक्टरबाईच्या अंदाजाने रोज सव्वातीनशेच्या वर लोक जायचे, आणि तिचा अंदाज बरोबर होता. मोजणीदाराने पास कार्यालयाचा कागद मागवला. घोडं पेंड खात होतं ते तिथे. पास कार्यालयाला कोण कुठल्या गाडीने जातो याचा पत्ताच नव्हता. पास जिथून दिला, तिथल्या नावावर त्याची नोंद. वसाहतीचे सगळे पास मुख्य स्थानकाच्या खिडकीवर दिलेले, म्हणून सगळी माणसं मुख्य स्थानकाच्या मार्गांवर मांडलेली. ते मार्ग आधीच तुडुंब. सत्तावीसच्या रकान्यात पासधारक निरंक.

तो कागद घेऊन साहेबाकडे गेला.

"साहेब, सत्तावीसचे पासवाले दुसरीकडे धरले गेलेत."

"पास कार्यालयाचा आकडा आलाय ना?"

"आलाय, पण त्यात..."

"मग झालं. एकच माणूस दोनदा मोजला गेला तर तपासणीवाले माझ्या मानगुटीवर बसतील. हवं तर शेऱ्यात लिहा. पण काय हो, तुमची बहीण त्याच वसाहतीत राहते ना?"

साहेबाने सहज विचारलं होतं. मोजणीदाराचा चेहरा मात्र उतरला. तीस वर्षांत त्याच्या आकड्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना, बहिणीसाठी मार्ग वाचवला असं कुणी म्हटलं तर? तो टेबलाशी येऊन बसला. शेऱ्याच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. बराच वेळ तशीच टेकवून ठेवली. मग लिहिलं, 'शेरा नाही', आणि खाली सही केली.

मला तेव्हा तो ताठ कण्याचा माणूस वाटला होता. हे कबूल करताना आज माझीच मला शरम वाटते.

समितीने जाहीर सुनावणी ठेवली, तीही कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. मोठं सभागृह, मऊ खुर्च्या, पुढे अधिकाऱ्यांची रांग. मोजणीदार आकड्यांची फाईल घेऊन मागे बसला होता आणि मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात.

लेखाधिकारी उभे राहिले. माणूस दुष्ट नव्हता, थकलेला होता. "तिजोरी एकच आहे," ते म्हणाले. "त्यातूनच पाण्याचे नळ दुरुस्त होतात, त्यातूनच शिक्षकांचे पगार होतात. सहा माणसांसाठी चाळीस सीटची गाडी टेकडी चढवायची, तर ते डिझेल मी कुणाच्या ताटातून काढू?"

एक ठेकेदार उठला. म्हणाला, भरलेले दहा मार्ग मला द्या, शहराचा एक पैसा न घेता चालवून दाखवतो.

"म्हणजे लोणी तुम्ही घ्या आणि ताक आम्हाला ठेवा!" टेकडीच्या नगरसेविका बसल्या जागेवरून कडाडल्या. "भरलेल्या मार्गांच्या जिवावरच रिकामे मार्ग चालतात. ते तुम्हाला दिले की आमच्या मार्गाला गाडी राहील का?"

"मग मोटारी उभ्या करायच्या जागेवर कर लावा," कुणीतरी म्हणालं.

"आणि गिऱ्हाईक काय गाडी डोक्यावर घेऊन दुकानात येणार?" व्यापाऱ्यांचा पुढारी उसळला.

एक निवृत्त शिक्षिका माइकजवळ गेल्या. "मला एवढंच विचारायचंय," त्या म्हणाल्या, "नदीवर एवढा मोठा पूल बांधला, त्याला तिकीट आहे का? नाही. मग पूल तोट्यात चाललाय असं कुणी म्हणत नाही. बसलाच तेवढं कमवायला का सांगता?"

टाळ्या पडल्या. लेखाधिकाऱ्यांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं असावं, पण पटण्याने डिझेल येत नाही. मला तर जवळजवळ सगळ्यांचंच थोडं थोडं पटत होतं. फक्त सगळे भांडत होते ते माझ्या एका आकड्यावर उभे राहून. 'फेरीला सहा माणसं' हे वाक्य त्या दिवशी मी अकरा वेळा ऐकलं. एकानेही विचारलं नाही की सहा म्हणजे कोण.

ताई आली होती. त्या दिवशी तिची मशीनची पाळी नव्हती. बोलणाऱ्यांच्या यादीत तिचा नंबर एकेचाळिसावा. मांडीवर पिशवी घेऊन ती मागच्या दाराजवळ बसली होती. एकवीस, बावीस, तेवीस. एक वाजत आला. टेकडीची गाडी सव्वाला सुटायची, त्यानंतरची थेट पाचला. तेवढा वेळ खुर्चीत बसण्याची ताकद तिच्यात नव्हती. ती उठली, भावाकडे बघून हाताने 'जाते' अशी खूण केली आणि बाहेर पडली.

अडीच वाजता पुकारा झाला. "एकेचाळीस नंबर... एकेचाळीस... गैरहजर."

मोजणीदाराचा हात खिशात गेला. त्याचा अंगठा माझ्या खटक्यावर येऊन थांबला. घामाने ओला होता. आता हा उठेल, म्हणेल की आकडा अपुरा आहे, पासवाले धरलेले नाहीत. मी वाट बघत होतो. अंगठा तसाच राहिला. बेचाळीस नंबर बोलायला उठला.

महिन्याभराने टेकडीवरच्या थांब्याला कागद चिकटला. कमी प्रवासी संख्येमुळे मार्ग क्रमांक सत्तावीस बंद करण्यात येत आहे.

लोक पायी उतरायला लागले. चार किलोमीटर उतरलं की हमरस्त्यावर दुसरी गाडी मिळायची. धडधाकट माणसाचं ठीक आहे. चार तास मशीनवर झोपून आलेल्या बाईने ती टेकडी परत कशी चढायची?

मोजणीदार फोन करायचा. जेवणाच्या सुट्टीत, टेबलाशी बसून. मी समोरच असायचो.

"ताई, गेली होतीस ना?"

"जाऊन आले रे. शेजारचा सोडतो मला गाडीवरून. त्याला तिकडेच कामाला जायचं असतं."

"आमच्याकडे येऊन राहा."

"तुझ्या दोन खोल्यांत तुम्ही चौघं आधीच दाटीवाटीने राहता. मी काय माळ्यावर झोपू? तू काळजी करू नकोस."

तो निर्धास्त व्हायचा. साऱ्या शहराची डोकी मोजणारा माणूस, पण बहीण कितीदा गेली हे त्याने कधी मोजलं नाही.

दहा आठवड्यांनी रुग्णालयातून फोन आला. ताईला धाप लागत होती, अंग सुजलं होतं, वसाहतीतल्या लोकांनी खाटेवर घालून तिला खाली आणलं होतं. तो जसा होता तसा धावला. मी त्याच्या खिशातच होतो, म्हणून पुढचं मला माहीत आहे.

मशीनच्या खोलीतल्या नर्सने हजेरीची वही उघडली. "तीस पाळ्या व्हायला हव्या होत्या," ती म्हणाली. "आल्या अकरा. पहिल्यांदा तीनच्या दोन झाल्या, मग आठवड्याला एक. शेवटी तीही नाही. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"पुन्हा मोजा," तो म्हणाला.

तिने बोट ठेवून ठेवून पुन्हा मोजल्या. अकराच होत्या.

ताई शुद्धीवर होती. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ती हळू बोलली. "रागावू नकोस. शेजाऱ्याने दोनदा सोडलं, मग त्याचं काम बदललं. तुला सांगितलं असतं तर तू रजा काढत बसला असतास."

"ताई, ती मोजणी..."

"कंडक्टरबाईने सांगितलंय मला सगळं. त्यात तुझा काय दोष? तू तुला सांगितलं तेवढं केलंस." तिने त्याचा हात धरला. "लहानपणापासून तू असाच. बाईंनी वहीत समास सोडायला सांगितला की अर्धं पान सोडायचास."

ती थोडी हसलीही. त्याने मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असेल. दोन दिवसांनी ताई गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, एका सकाळी सहा वाजता, तो टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, कसली सूचना नव्हती. त्याने चावी फिरवून मला शून्यावर आणलं. मग वरून माणसं यायला लागली. हातात चपला घेतलेल्या बाया, जेवणाचे डबे घेतलेले कामगार, एका म्हाताऱ्याला दोन्हीकडून धरून आणणारे दोघं. टिक. टिक. टिक. नऊ वाजेपर्यंत त्याचा अंगठा थांबला नाही. दोनशे चौदा.

तो आकडा घेऊन तो साहेबापुढे उभा राहिला. साहेबाने कागद वाचला, चष्मा काढला.

"खरं आहे हो. पण हे पायी चालणारे. आपण बसचे प्रवासी मोजतो. हे मी कुठल्या रकान्यात भरू?"

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तो जागेवर आला, मला तसाच खणात ठेवला आणि पुढच्या मोजण्यांना दुसरा गणक नेऊ लागला. निवृत्तीच्या दिवशी सामान परत करायचं होतं, तेव्हा वहीत माझ्या नावापुढे त्याने लिहिलं, 'हरवला'. आयुष्यात त्याने केलेली ती एकच खोटी नोंद.

आता मी त्याच्या घरी खिडकीच्या कट्ट्यावर असतो. शेजारी ताईचा पास. माझ्या कडीला गंज चढलाय, स्प्रिंग सैल झालीय. टेकडीला अजून गाडी नाही. ठेकेदाराला दहा मार्ग मिळाले, भाडं दोनदा वाढलं, आणि तिजोरी होती तिथेच आहे.

गेल्या आठवड्यात परिवहन कार्यालयातल्या नव्या अधिकारी बाई घरी आल्या. नवी समिती बसलीय, पुन्हा मोजणी करायचीय, अनुभवी माणूस हवा म्हणून. बोलता बोलता त्यांनी मला उचललं.

"अरे वा, अजून चालतो?" त्यांची बोटं चावीवर गेली. "शून्यावर आणू?"

"नको!" तो एवढ्या जोरात ओरडला की त्या दचकल्या. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ती टेकडीवरून पायी उतरणाऱ्यांची मोजणी आहे. त्या सकाळी दोनशे चौदा उतरले."

बाईंनी माझ्या खिडक्यांत निरखून पाहिलं. "पण काका, इथे तर दोनशे पंधरा आहेत."

"हो," तो म्हणाला. "एक उतरलीच नाही."

बाईंनी मला होतो तसा कट्ट्यावर ठेवला. जाताना सूचनांचा कागद त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, वाचून काही सुचलं तर लिहा. तो कागद अजून तिथेच आहे. त्यातलं तिसरं कलम जसंच्या तसं आहे.

माझं फार दिवसांचं राहिलेलं नाही. माझ्यानंतर दुसरे टिकटिके येतील, माझ्याहून चकचकीत, शंभरला शंभर दाखवणारे. त्यांना मुठीत धरणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. समोरून माणूस चढला की दाबा. त्याच्या हातात तिकीट आहे की पास, ते नंतर बघा. आणि कधी या घरी आलात, तर माझ्या चावीला तेवढा हात लावू नका.